रंगीत दिव्यांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान रंगीत दिवे,
मुक्काम चिरंजीवांचा गेमिंग कीबोर्ड, जुळे सोलापूर

स.न.वि.वि.

नऊशे रुपयांत आपण आमच्या घरी आलात, त्याला दोन महिने झाले. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या मिसळल्या की 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग होतात म्हणे. आमच्या घरात ते कुणी मोजणार नाही, हे आपण बरोबर ओळखलंत. दिवाळीची माळ आम्ही तुळशीच्या लग्नानंतर तरी उतरवतो, आपण बारमाही.

अडचण एकच. पुढे पळ, डावीकडे वळ, उडी मार, अशी तीन बटणं एकदम दाबली की तिसरं मुकं होतं. "उडीच मारंना की ओ पप्पा!" हा टाहो रात्री अकराला ऐकला आणि मी एक बटण उचकटलं. खाली शेंगाचटणीचे दोन कण आणि इडलीएवढा नव्हे, पण इडलीच्याच घाटाचा रबरी फुगा.

त्याच्याखाली उभ्या-आडव्या तारांचं जाळं. म्हणजे ताणा-बाणाच! चांगल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला एक डायोड असतो, त्यामुळे विजेला उलटी वाट सापडत नाही. स्वस्तात तो गाळतात. मग न दाबलेलं बटण उमटू नये म्हणून दाबलेलंही मोजायचं नाही, असा तोडगा काढतात. विणकामातले पैसे वाचवून आपली रोषणाई केली, एवढाच हिशेब.

लाज मात्र माझीच वाटते. चादर घेताना घडी उलगडून मागची बाजू बघणारे आम्ही सोलापूरकर, आणि कीबोर्ड पसंत केला दिवे बघून! दोन्ही शिफ्ट दाबून ठेवून ए ते झेड टाइप केलं असतं, तरी कुठली अक्षरं गळतात ते दुकानातच कळलं असतं.

आता मेकॅनिकल बघतोय. त्यात प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग. रूढ रंगखूण अशी : लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलकासा अडतो, निळा खटकन वाजतो. निळा बाद झाला. आईचं अर्धं आयुष्य पूर्व भागात यंत्रमागाशेजारी गेलंय, नमुना ऐकताच ती म्हणाली, "पुन्हा माग लावताय का रे घरात?" बटणांचं प्लास्टिकही पीबीटीचं घेणार, एबीएसचं बोटांच्या तेलाने लवकर चकाकायला लागतं. आणि चकाकी आम्हाला पुरे झाली.

परवा वीज गेली. आपणही गेलात. अंधारात माझी बोटं सहज टेबलावर फिरली आणि एफ-जेवरच्या दोन बारीक उंचवट्यांवर जाऊन थांबली. टायपिंग क्लासात सरांनी हातांवर पुठ्ठा झाकून शिकवलेली बोटं ती. त्यांना आपली गरज कधीच नव्हती.

कळावे. लोभ असावा, जरा मंद असावा.

आपला,
बिल भरणारा बाप