ओवाळणीत बीटा हायड्री

पाडव्याला नवऱ्याने बायकोला ओवाळणी घालायची असते. मी यंदा तारा घालायचं ठरवलं. सोन्याचा भाव बघता हा निर्णय निव्वळ खगोलप्रेमातून आला, असा माझा दावा नाही.

तारा निवडला बीटा हायड्री. अंतर सुमारे 24 प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश आमच्या लग्नाच्या सुमारास निघालेला. एवढं बोलून मी आशेने बायकोकडे पाहिलं.

“म्हणजे तुमची कंबर बत्तीस होती तेव्हा,” ती म्हणाली.

कंबरेचा विषय निघाला ते बरंच झालं, कारण या ताऱ्याची सगळी गंमत तिथेच आहे. वस्तुमान सूर्याहून किंचितच जास्त. तापमान 5,870 केल्विनच्या आसपास, सूर्यापेक्षा जेमतेम शंभरेक अंश वर. रंग तोच. पण त्रिज्या सूर्याच्या 1.8 पट आणि तेज साडेतीन पट! जवळपास तेवढाच ऐवज इतका पसरल्यावर घनता कुठली राहणार? ती सूर्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. वय साडेसहा-सात अब्ज वर्षं. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यात जमा आहे, म्हणून गाभा आकसतोय. त्याच्या भोवतीच्या कवचात हायड्रोजन जळत राहतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. सूर्याचंही पुढे असंच व्हायचंय. बायको माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत म्हणाली, “कळलं.”

अडचण एकच होती. हा तारा आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळ, त्यामुळे पुण्यात तो उगवतच नाही. कन्याकुमारीला मात्र क्षितिजाच्या वर पावणेपाच अंश चढतो. हात लांब करून तीन बोटं आडवी धरावीत, तेवढा. नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास. दिवाळी असल्याने चंद्राचाही त्रास नाही. बायको, सासूबाई आणि मेहुणा यांना घेऊन मी थेट भारताच्या टोकाला पोचलो.

त्या दिवसांत तिकडे परतीचा नव्हे, चक्क त्यांचा हक्काचा पाऊस असतो. तरी पाडव्याला रात्री ढग फाटले. दक्षिणेला बऱ्यापैकी उंचावर एक निळसर तारा झगझगत होता.

“हाच ना?” सासूबाईंनी विचारलं.

“छे! तो अग्रनद. स्वतःभोवती इतका गरगरतो की चेपटा झालाय.”

“पण छान दिसतोय.”

सगळ्यांना तोच आवडला. ओवाळणी तिथेच उरकायला हवी होती. पण मी बोटं आडवी धरून समुद्राकडे उभा. भूमिती चोख होती, पण हवेची गोष्ट वेगळी. इतक्या खाली डोक्यावरच्यापेक्षा दहापट हवेतून बघावं लागतं, त्यात समुद्राची वाफ आणि शेजारी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्यावरचे झोत. 2.8 प्रतीचा तारा त्यात कितीसा उरणार? हे मला पुण्यातच माहीत होतं. आरक्षण त्याच्या आधीच झालेलं होतं.

तेवढ्यात नेमक्या जागी एक पिवळसर ठिपका दिसला. मला भरून आलं. मी त्याची नाडीही सांगून टाकली. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालावर वर-खाली होतो, याचा ताल सतरा मिनिटांचा. एकेका कंपनाचा वेग सेकंदाला मीटरभरही नाही, तरी ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या 3.9 मीटरच्या दुर्बिणीने 2000 साली तो पकडला. सासूबाईंनी हात जोडले.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “हा सरकतोय.”

“सरकणारच. पृथ्वी फिरते. तारे पश्चिमेकडे जातात.”

“हा पूर्वेकडे चाललाय.”

मग इंजिनाचा आवाजही आला. मच्छीमार बोट होती. सासूबाईंनी हात सोडले नाहीत. दर्यावर पोट असलेल्या माणसांना केलेला नमस्कार वाया जात नाही म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मेहुण्याने फोनवर शोधून सांगितलं की सिडनीहून बीटा हायड्री कधी मावळतच नाही. मी विमानाचे दर बघायला लागलो. बायकोने फोन काढून घेतला आणि त्यावर पुण्यातल्या सराफाचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते बघितलं.