पोटभर हवा

डिझेलचा भाव वेळापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतो. हवेचा भाव कुणी विचारत नाही, कारण ती फुकट. पण गाडी डिझेलपेक्षा हवाच जास्त खाते. एक लिटर डिझेल नीट जळायचं तर बारा किलोच्या आसपास हवा लागते. हवा किलोवर घ्यायची आपल्याला सवय नाही, म्हणून लिटरात सांगतो: दहा हजारांच्या वर. उन्हाळ्यात माळशिरस-सांगोल्याकडं पाण्याचे टँकर फिरतात, त्यातला एक अख्खा टँकर भरेल एवढी हवा, एका लिटरमागे. आणि हा झाला कमीत कमी हिशेब. डिझेल इंजिन मुळातच उधळ्या स्वभावाचं. गरजेच्या दीडपट, दुप्पट हवा आत ओढायची आणि उरलेली नुसतीच गरम करून मागं सोडून द्यायची. अकलूजला जाऊन आलो तरी आमच्या बोलेरोनं दोन-तीन टँकर हवा सहज पिऊन टाकलेली असते.

ही हवा वेळापूरची, आणि इथंच अडचण आहे. आमच्याकडं हवा नुसती अशी कधी मिळतच नाही, तिच्यात काहीतरी घातलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास अकलूज, श्रीपूर, सदाशिवनगरच्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून ट्रॅक्टर निघतात. त्यांच्यामागं सापडलेल्या माणसाला गाणं आणि धूळ दोन्ही पूर्ण सोसावी लागतात. त्यात कुणीतरी पाचट पेटवतं, मग काजळी उडत येऊन नेमकी वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर बसते. उन्हाळ्यात शेताच्या वाटांवर फुफाटा. 2021 च्या नोव्हेंबरात पालखी महामार्गाची कोनशिला बसली, आणि रस्ता रुंद होईपर्यंत गावानं इतकी धूळ खाल्ली, की चहावर साय आलीय की मुरूम, हे बोटानं तपासून घ्यावं लागे. आता काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता झालाय. धूळ मात्र गाव सोडून गेली नाही, आतल्या वाटांवर मुक्कामाला गेली.

तर अशा गावात पुण्याहून माझा पुतण्या आला आणि बोलेरोचं बॉनेट उघडून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला श्वासच घेता येत नाहीये. इनटेक अपग्रेड करायला हवा."

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्यामुळे असं काही ऐकलं की आनंद होतो आणि संशयही येतो. त्याचा बेत सोपा होता. कंपनीचा कागदी फिल्टर काढायचा, त्याजागी तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवायचा, आणि हवा घ्यायचं तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून लांब न्यायचं. ह्या शेवटच्या गोष्टीला तो 'कोल्ड एअर इनटेक' म्हणत होता. त्यामागचं शास्त्र खोटं नाही. गरम हवा विरळ असते; दहा अंशांनी तापली की त्याच जागेत सुमारे तीन टक्के हवा कमी मावते. इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढण्यापेक्षा बाहेरची ओढावी, हे कुणीही मान्य करील. पण हे संभाषण मे महिन्यात दुपारी दोन वाजता चाललं होतं. पत्र्यावर पापड भाजून निघावेत असं ऊन. मी त्याला म्हटलं, "बाळा, ती कोल्ड एअर कुठं आहे तेवढं दाखव, म्हणजे आपण दोघंही तिथं जाऊन बसू."

त्याचा दुसरा मुद्दा ताकदीचा होता. जास्त हवा, जास्त ताकद. पेट्रोलच्या गाडीत हे थोडंफार खरं ठरू शकतं. तिथं हवेच्या वाटेत झडप असते आणि आपण पाय दाबतो तो ती झडप उघडायला. डिझेलची जात वेगळी. तिथं पायाखालची सत्ता डिझेलवर चालते. हवा बहुतेक वेळ मोकाट, गरजेपेक्षा जास्तच आत येत असते. ज्याचं पोट आधीच भरलंय त्याच्या पानात आणखी भात वाढून अंगात जोर येत नाही. डिझेलचा पुरवठा न वाढवता नुसता मोकळा फिल्टर बसवला, तर वाढते ती मुख्यतः टर्बोची शिट्टी. ती मात्र छान ऐकू येते. माझा असा कयास आहे, की ह्या उद्योगात गिऱ्हाईक निम्मे पैसे त्या शिट्टीचेच मोजतं. त्यात वाईट काही नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी गाडी वेगात जायची असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, तरी घुंगरं बांधायचेच ना.

वाद मिटेना, तेव्हा आम्ही मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्री बोलतात कमी. त्यांनी पुतण्याचं सगळं ऐकून घेतलं, आमच्या गाडीचा फिल्टर काढला, उन्हाकडं धरून पाहिला आणि विचारलं, "हवा जास्त पायजे, का चांगली पायजे?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून आवडतं. नवाकोरा कागदी फिल्टर सगळ्यात कमी गाळतो. थोडी धूळ बसली की ती धूळच पुढच्या धुळीला अडवू लागते आणि गाळण सुधारत जाते. कार्यालयात नव्यानं लागलेला कारकून जसा येईल त्याचा कागद पुढं सरकवतो, आणि मुरल्यावर बारीकसारीक त्रुटी काढून परत पाठवायला लागतो, तसं. पुढं असा दिवस येतोच की तो काहीच पुढं जाऊ देत नाही, साहेबाची स्वतःची फाईलही नाही. तेव्हा गाडी काळा धूर सोडते, चढाला रडते आणि त्याला निवृत्त करावं लागतं. मिस्त्रींचा राग त्यामुळे घाणेरड्या फिल्टरवर नाही, उगाच रोज काढून झटकणाऱ्या माणसावर आहे. काढता-घालताना कडेचं रबर हलतं आणि गाळणीला वळसा घालून धूळ थेट आत शिरते.

शिरली तर काय होतं? रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी लोखंडाला ओरखडा काढते. फार बारीक कण निसटून जातात, फार मोठे सहज अडतात. घात करतात ते मधले, दहा-वीस मायक्रॉनचे, डोक्याच्या केसाच्या जाडीच्या चौथाईएवढे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत ह्यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात ते बरोबर बसतात आणि पॉलिश पेपरचं काम सुरू करतात. मग निळा धूर, मग ऑइल कमी होणं, मग इंजिन उतरवणं, मग सोसायटीचं कर्ज.

गंमत म्हणजे जगभरचे फिल्टर ज्या प्रमाणित धुळीवर तपासतात, तिचं मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे. तिचे बारीक-जाड असे रीतसर प्रकार आहेत, ती डब्यातून विकत मिळते, आयएसओचा शिक्का तिच्यावर आहे. आमच्या फुफाट्याचं असं कौतुक कुणी केलेलं नाही. आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या फुकट पुरवतोय.

जुन्या ट्रॅक्टरांना कागद नव्हता, ऑइल बाथ होता. खाली वाटीत तेल, वरून येणारी हवा तेलावर आपटून वळायची, जड धूळ तेलात बुडायची आणि उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकायची. हंगामात रोज वाटी उतरवून बघायची, तेलाचा चिखल झाला की बदलायचं. काम थोडं ओबडधोबड, पण गाळणी विकत आणायला नको. फक्त तेल खुणेपर्यंतच भरायचं. आमच्या भावकीतल्या एकानं, जास्त तेल म्हणजे जास्त स्वच्छता अशा हिशेबानं, वाटी काठोकाठ भरली. ट्रॅक्टर चालू झाला, हवेबरोबर ते तेलही इंजिनानं ओढून घेतलं आणि डिझेल समजून जाळायला लागलं. आवाज वाढत वाढत असा चढला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. स्टॉपची दांडी ओढून उपयोग नाही, कारण ती डिझेल बंद करते आणि इंजिनाला आता डिझेलची गरजच उरलेली नव्हती. सगळे लांब पळाले. चुलती तेवढी घरात गेली, जेवायला बसायचा पाट घेऊन आली, आणि कुणीतरी हवेच्या नळीवरचं भांडं उपटून काढताच तिनं तो पाट नळीच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. डिझेल इंजिनाची खरी किल्ली हवेच्या तोंडाशी असते, हे मी पुढं पोरांना वर्गात शिकवलं. पाटाचा उल्लेख अभ्यासक्रमात नव्हता, तो मी घातला.

रुडॉल्फ डिझेलला मात्र धुळीचं एवढं वावडं नसावं. 1892 च्या पेटंटाच्या वेळी त्याच्या डोक्यात इंधन म्हणून कोळशाची भुकटीही होती. म्हणजे आपण जी भुकटी बाहेर ठेवायला धडपडतो, तसलीच काहीतरी तो हौसेनं आत घालणार होता. ते काही जमलं नाही. पण 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ह्या जातीचं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे कळलं की त्याची छाती फुगते आणि लगेच काळजीही वाटते. शेंगा गाड्यांनीच खाल्ल्या असत्या तर चटणीचं काय झालं असतं?

मिस्त्रींनी शेवटी फिल्टरपुढच्या नळीत बोट घातलं. इंजिनाकडं जाणारी जी बाजू कोरी करकरीत असायला हवी, तिथून बोट तपकिरी होऊन आलं. दोष फिल्टरचा नव्हता. त्याच्यापुढच्या रबरी होसला आतल्या घडीत चीर पडली होती आणि क्लिप सैल होती. आम्ही फिल्टरवर चर्चा करत होतो, गाडी बाजूच्या फटीतून धूळ ओढत होती. नवा होस, नवी क्लिप, कंपनीचाच कागदी फिल्टर. पुतण्याचं तोंड उतरलं, तेव्हा मिस्त्री त्याला म्हणाले, "तुम्हाला कायतरी बसवायचंच आसंल, तर वर भांडं बसवा."

हे भांडं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर असतं. आत तिरकी पाती, हवा गरागरा फिरत जाते, जड धूळ कडेला फेकली जाऊन भांड्यात साठते, आणि फिल्टरपर्यंत पोचते ती निम्मी शहाणी झालेली हवा. पुतण्याचे डोळे चमकले, कारण ह्याच कामाची एक शहरी वस्तू त्याला माहीत होती: स्नॉर्कल. नदी ओलांडणाऱ्या जीपगाड्यांना टपापर्यंत नेलेली हवेची नळी. वेळापुरात ओलांडायला नदी नाही, पण चाकांशी उडणारा फुफाटा टपापाशी विरळ असतो, हे मला पटलं. नळी बसली, तिच्या डोक्यावर भांडंही बसलं. गाडी आता मान उंच करून हिंडते, आणि पारावर हटकून विचारणा होते, "गुरुजी, धुराडं पुढं कशापायी घेतलं?" मी पहिल्यांदा समजावून सांगायचो. आता सांगतो, मागं जागा नव्हती.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी आली. धावा झाला, उतारावरून वारकरी धावत गावात उतरले, पालखी तळावर गेली. दिंड्यांचे ट्रक दरवर्षीप्रमाणे गल्लोगल्ली लागले. आळंदीपासून माणसाच्या चालीनं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलेल्या ट्रकांच्या फिल्टरची काय दशा असते ते मिस्त्रींना पाठ आहे. एक ड्रायव्हर फिल्टर काढून टायरवर धपाधप आपटत होता. मिस्त्री धावले. "आरं, ठोकू नगंस! धूळ ऱ्हाती आन्‌ कागद फाटतो." त्यांनी तो हातातून घेतला, कॉम्प्रेसरची हवा कमी करून आतून बाहेर मारली आणि परत दिला. ड्रायव्हरनं फिल्टर बसवला, हात पुसले आणि आमच्या गाडीकडं बघत त्यांना विचारलं, "मिस्त्री, ह्या बोलेरोला धुराडं पुढं का बसवलंय?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. "मागं जागा नव्हती," ते म्हणाले.