ग्रुप कशावर काढावा?

समूहसंवादाचे साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: माणसे किती, काम कोणते आणि पैसे कोण भरणार. चौथी गोष्ट जाणकार सांगत नाहीत, कारण बहुधा ते स्वतःच तिच्यात अडकलेले असतात: अॅडमिन कोण होणार? यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या एका दहावीच्या बॅचने ३० वर्षांनी एकत्र जमायचे ठरवले, तेव्हा पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चहा निवायच्या आत मिळाली. माणसे ४२, काम जेवणाचे, पैसे नंतर. चौथे उत्तर प्रस्तुत लेखकाने घरूनच आणले होते.

प्रस्तुत लेखक म्हणजे पुण्यात भाच्याकडे आठ दिवस राहून आलेला गृहस्थ. तिथून त्याने भाच्याचे एक जुने जॅकेट आणि ‘स्लॅक’ हा शब्द आणला. दोन्ही त्याला थोडे सैल होते.

स्लॅक हे २०१३ साली आलेले साधन. ‘ग्लिच’ नावाचा खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीने ते आपसात बोलण्यासाठी बनवले. खेळ बंद पडला, बोलणे तेवढे उरले. यात प्रत्येक विषयाला वेगळे दालन असते. लेखकाने जेवण, मंडप, वर्गणी आणि सत्कार अशी चार दालने उघडली. आठवडाभरात तीन सदस्य आले. त्यांतला एक भाचा. ‘सत्कार’ या दालनात आजही एकच मजकूर आहे: ‘माझा सत्कार नको.’ तो लेखकाचाच असून कोणी आग्रह केल्याची नोंद नाही. शिवाय फुकट वापरणाऱ्याला इथे ९० दिवसांपूर्वीचे बोलणे दिसत नाही. ढाणकीत बोलणे निघते तेच मुळी ३० वर्षांपूर्वीचे.

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख माणसे मावतात. अख्खी ढाणकी घातली तरी जागा उरेल, म्हणून तो विषय तिथेच सोडला. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत संपते. पोरे कुठे लागली, कोणाला साखर निघाली, एवढे होईपर्यंत ३८ मिनिटे जातात आणि वर्गणीचा विषय निघाला की पडदा पडतो. वर्गणी न दिलेल्यांनी या साधनाची फार स्तुती केली. गूगल शीटमध्ये सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येते, हा तिचा गुण सांगतात. एकाने आपल्या नावापुढे ५०० लिहिले, दुसऱ्याने ते शून्य केले, आणि कोणी किती वाजता काय बदलले हे शीटने जपून ठेवले. पारावरचे भांडण संध्याकाळपर्यंत विरते. हे अजून तसेच आहे.

शेवटी व्हॉट्सअॅप. इथे अॅडमिन या पदाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात १ मार्च २०२१ रोजी निकाल दिला की, सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले आणि अॅडमिनचा त्यात समान हेतू नसेल, तर फौजदारी जबाबदारी अॅडमिनवर येत नाही. ही दिलाशाची बाब. पण कारण वाचून लेखकाला दोन दिवस जेवण गेले नाही. अॅडमिनला माणूस घेता येतो आणि काढता येतो. कोण काय टाकणार यावर आधी त्याचा ताबा नसतो, असे न्यायालय म्हणते. म्हणजे निर्दोष सुटला खरा, पण तो फारसा कोणी नव्हताच म्हणून सुटला. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येत असल्याने पळवाटही नाही. पूर्वी दवंडी देणाऱ्या कोतवालाकडे निदान डफडे तरी होते. अॅडमिनकडे हिरव्या अक्षरांतला एक शब्द असतो आणि तोही ग्रुपची माहिती उघडणाऱ्यालाच दिसतो. ती कोणी उघडत नाही. लेखक रोज उघडतो.

अधिकार नसले की माणूस नियम करतो. लेखकाने ग्रुपच्या वर्णनात सात नियम घातले. त्यांतला चौथा असा: ‘व्हॉइस मेसेज टाकू नयेत, टाइप करावे.’ शिस्त म्हणून तो ठीकच होता. तो मोडणारा एकच निघाला. रात्री दोनच्या सुमारास त्याचा तीन-तीन मिनिटांचा मेसेज यायचा. लेखक सकाळी न ऐकताच त्याखाली अंगठा लावायचा. असे अकरा मेसेज आणि अकरा अंगठे झाले.

वर्गणीचा हिशेब जुळेना, म्हणून ते एकदा ओळीने ऐकावे लागले. हिशेब त्यांत नव्हता. मागे मोटारीचा आवाज होता आणि सरीत पडणाऱ्या पाण्याचा. शेताला थ्री फेज लाइन रात्रीची. माणसे झोपतात तेव्हा हा उसाच्या ओलिताला निघतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडे. टाइप कशाने करणार? दिवसा वीज देण्याचे ऐकता ऐकता या बॅचच्या पोरांची लग्ने झाली. बांधावर बसून तो कोण कोणत्या बाकावर बसायचे ते आठवत होता. एक बाक आता पूर्ण रिकामा झाल्याचे त्याने मोजून सांगितले होते. आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी तेच: ‘जागा हायेस काय रे?’

सही येत नाही तो अंगठा लावतो, असे शाळेत शिकवले होते. इथे अकरा वेळा तो लेखकाने लावला होता.

चौथा नियम काढण्यात आला. वर्णन बदलल्याची सूचना ग्रुपवर आपोआप पडते. ती पडली आणि तिच्याखाली कोणीतरी मंडपवाल्याचा नंबर मागितला. त्याच रात्री २ वाजून १० मिनिटांनी लेखकाने आपला पहिला व्हॉइस मेसेज पाठवला. तो ११ सेकंदांचा असून त्यातली ७ सेकंदे घसा साफ करण्यात गेली आहेत.