फेज तीनचा तांडेल

माणच्या आयटी पार्कच्या कुशीत उगवलेल्या टॉवरांमध्ये एक जमात हल्ली फार वाढली आहे. पाच दिवस सॉफ्टवेअर, शनिवारी पवना धरण. त्यातल्या अस्सल नमुन्याला आमच्याकडे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे ‘तांडेल’ म्हणतात. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, तेही भांडून. ते तिकोना-तुंगच्या पायथ्याशी इतकं एकगठ्ठा साठलेलं दिसलं, की भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

तांडेलकडे हवा भरायची कयाक आहे आणि तीस किलोंचा लॅब्रॅडोर आहे. दोन्ही एकदमच पाण्यात न्यायचे, हा त्याचा हट्ट.

शुक्रवारी रात्री पार्किंगमध्ये सामान मांडलं जातं. नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणीतरी घर सोडून चाललंय. ड्राय बॅगा, बंजी दोऱ्या, कॅराबिनर, शिट्टी, कुत्र्याचा वाडगा, पाण्याची बाटली. ड्राय बॅगचं तोंड तीन वेळा गुंडाळल्याशिवाय तो बकल लावत नाही; कुणी मधेच बोललं तर उलगडून पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगायचं तर वल्हवणं हा त्याचा छंदच नव्हे. बांधणं हा आहे. पाणी निमित्तमात्र.

मात्र त्याचं शास्त्र पक्कं आहे, हे कबूल करायला हवं. ‘सामान हलता कामा नये. हलणारा एक गडी आधीच बरोबर आहे.’ कुत्रा डावीकडे झुकला की होडी झुकते, सुटं सामान गडगडत त्याच बाजूला जातं आणि उरलेलं काम पूर्ण करतं. म्हणून जड वस्तू तळाशी, मधोमध. दोरीचं टोक कुठंही लोंबतं ठेवायचं नाही. कुत्र्याचा पाय अडकतो. नखांनी रबर फाटू नये आणि पंजे घसरू नयेत म्हणून खाली योगा मॅट. मॅट बायकोची. आणि एवढं सगळं जखडून झाल्यावर कुत्रा तेवढा मोकळा! त्याला होडीला बांधायचं नाही म्हणजे नाही. उलटलीच, तर तोही खाली अडकेल. त्याच्या अंगात पाठीवर मूठ असलेलं जाकीट. पडला तर मूठ धरून वर ओढायचा.

एकदा मीही गेलो होतो, काठावर बसायला. शेजारी म्हशी धुणारे एक बाबा हा बंदोबस्त बराच वेळ बघत होते.

‘सायेब, वल्हं बांधलं, डबा बांधला, शिट्टीबी बांधली. मंग कुत्र्यालाच का नाय? कासरा देऊ का?’

तांडेलने त्यांना सगळं समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि कासरा हाताशीच ठेवला.

काठापासून थोडं आत गेल्यावर एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. लॅब्रॅडोरने तिच्या दिशेने झेप घेतली आणि त्या धक्क्याने कयाकने कूस बदलली. मग केशरी जाकिटातलं एक डोकं शांतपणे काठाकडे येताना दिसलं. ते कुत्र्याचं होतं. ज्यांनी मूठ धरून वर ओढायचं, ते पालथ्या होडीभोवती फेऱ्या मारत होते. कुत्र्याने बाबांपाशी येऊन अंग झटकलं. बाबांचं धोतर भिजलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. म्हशी धुणाऱ्याला काय त्याचं!

होडी ढकलत तांडेल काठाला आला तो विश्वचषक जिंकल्यासारखा. नाकातून पाणी गळतंय आणि हा एकेक बकल तपासतोय. एकही वस्तू जागची हलली नव्हती. डब्यातली थालीपिठं कोरडी ठाक. त्याने फोटो काढले ते गाठींचे, चारही बाजूंनी. बाबांना एक थालीपीठ मिळालं, कुत्र्याला दोन.

परतताना कासारसाईनंतर हिंजवडीचं ट्रॅफिक लागलं. ओला लॅब्रॅडोर, बंद काचा आणि जागचा न हलणारा रस्ता. या प्रकरणावर तांडेलच्या शास्त्रात अजून काही तोडगा नाही.

लिफ्टमध्ये त्याची बायको भेटली. सहज विचारलं, ‘तुम्ही नाही का जात कधी यांच्याबरोबर?’

‘बोलावतात की,’ ती म्हणाली, ‘पण मला तळाशी ठेवणार की बंजीखाली, ते अजून ठरत नाहीये.’