प्रमाणपत्र पोचलं, साहेब!

प्रति,
ऑनलाइन प्रशिक्षक महोदय
(भेदभाव व छळ प्रतिबंध)



आपलं प्रशिक्षण छत्तीसगढमधल्या अभनपूरपर्यंत पोचल्याबद्दल आमच्या भातगिरणीतर्फे आभार. तांदूळ घेणाऱ्या कंपनीनं प्रमाणपत्राचा हट्ट धरला नसता, तर आम्ही या ज्ञानाला मुकलो असतो. लॉगिन शेठजींचं, उत्तरं मुनीम या नात्यानं माझी. सगळ्यांत लांबलचक पर्याय बरोबर असतो, हे तिसऱ्याच प्रश्नाला कळलं. शेठजींना शंभरपैकी शंभर पडले.

फितीतलं ऑफिस फार आवडलं. काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र, आणि छळणारा माणूससुद्धा टाय लावून 'एक्सक्यूज मी' म्हणणारा! आमचा मुन्शी रेजांना, म्हणजे मजूर बायांना, जातीवरून हाक मारतो. पाण्याचे माठ दोन. दुसऱ्या माठाचा पेला सुतळीनं बांधलेला, चुकून इकडे येऊ नये म्हणून. 'जात' हा शब्द आपल्या तासात एकदाही आला नाही. खोट्या तक्रारीवर मात्र आपण मनापासून बोललात. तेवढ्यापुरते शेठजीही येऊन बसले होते.

एक शंका आहे. कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा सुप्रीम कोर्टाच्या १९९७च्या विशाखा निकालातून आला, आणि त्या निकालाच्या मुळाशी राजस्थानच्या भंवरी देवी. त्या सरकारी कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्या. गावातला बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांना कुठली केबिन? मग त्यांच्यासारखी एकही बाई आपल्या फितीत कशी नाही?

आमच्या हजेरीपटावर नऊच नावं आहेत. दहा झाली की अंतर्गत समिती नेमावी लागते, म्हणून शेठजी नवावर थांबले. कायदा रोजंदारीवाल्यांनाही मोजतो, असं आपण बारीक अक्षरांत दाखवलंत. शेठजींचा चष्मा घरी राहिला होता. नऊ धरले तरी तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते म्हणे. पण रायपूरला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि सुट्टी मागायची मुन्शीकडेच.

प्रमाणपत्र लॅमिनेट करून वजनकाट्याच्या खिडकीवर लावलंय. ट्रकवाले कौतुकानं बघतात.

पुढच्या खेपेला छत्तीसगढी बोलणारी एखादी बाई पाठवता आली तर बघा. जेवणाच्या सुट्टीत रेजा कोंड्याच्या ढिगामागे बसतात. त्या वेळी मुन्शीला धमतरीला वसुलीवर धाडायचं काम माझ्याकडे लागलं.

आपला,
(शेठजींच्या नावे) शंभर गुण मिळवलेला
मुनीम