दोनशे मीटर खोल काका

खिशात मोबाइल असताना लोक अजून मनगटावर घड्याळ का बांधतात, असं हल्लीची पोरं विचारतात. वेळ बघायला, असं भाबडं उत्तर देऊ नये. घड्याळ खोल समुद्रात जाण्यासाठी बांधतात. खोटं वाटत असेल तर पुढच्या लग्नात शेजारच्या काकांच्या मनगटाकडे निरखून बघा. तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : 200 मीटर.

हौशी पाणबुडे साधारण 40 मीटरवर थांबतात. काकांची तयारी त्याच्या पाचपट आहे. तबकडीभोवती एक फिरतं कडं असतं. पाण्याखाली किती मिनिटं झाली हे पाणबुड्याला कळावं म्हणून ते असतं, आणि ते एकाच दिशेला फिरतं. चुकून धक्का लागलाच तर झालेला वेळ जास्त दिसावा, कमी नव्हे. माणूस हवेअभावी मरू नये म्हणून केलेली ही योजना काका मंगलाष्टकं चालू असताना कट्‌कट् फिरवत बसतात. जेवण झालं की बेसिनपाशी जातात, घड्याळ काढून खिशात ठेवतात आणि मगच नळ सोडतात. पाणी लागायला नको, महागातलं आहे!

महाग म्हणजे लाखाच्या घरात. एवढं देऊन आत स्प्रिंग आणि चाकं, म्हणजे रोज काही सेकंद मागेपुढे. फुटपाथवरच्या दोनशे रुपयांच्या घड्याळातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला 32,768 वेळा इमानेइतबारे थरथरतो आणि त्याहून बरी वेळ दाखवतो. पण चुकीची वेळ लाखभर रुपये मोजून घ्यायची ऐपत सगळ्यांची थोडीच असते!

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण हेच काका कुठल्या ना कुठल्या शाळेत प्रमुख पाहुणे होतात, आणि तिथं माझं डोकं फिरतं. पत्रिकेवर 'सकाळी ठीक 9 वाजता'. पोरं साडेआठपासून मैदानात. लेझीमवाले उभे, औक्षणाचं तबक धरलेल्या नऊवारीतल्या मुली उभ्या, निरांजन तीनदा विझलेलं. अकराला गाडी येते. साहेब हार घेतात, शाल घेतात, माइकपुढे येतात, बाही मागे सारून तबकडीकडे सावकाश बघतात आणि म्हणतात, "वेळेचं भान ठेवून दोनच शब्द बोलतो." चाळीस मिनिटं बोलतात. विषय, शिस्त. सातवीतली पोरगी उन्हानं चक्कर येऊन पडते, बाई तिला धरून सावलीत नेतात, आणि साहेब 'आमच्या वेळी' या मुद्द्यावर येतात. अहो, कसलं भान? दोनशे मीटर पाण्याखाली चालणारं हे यंत्र जमिनीवर सकाळी नऊ वाजता बंद पडतं की काय?

पूर्वी आपल्याकडे लग्नघरी पाण्यात घटिकापात्र तरंगत ठेवायचे. बुडाला भोक असलेली वाटी. 24 मिनिटांत भरायची आणि बुडायची, की झाली घटका. पाण्याखाली खरोखर जाणारं तेवढं एकच घड्याळ आपल्याकडे होऊन गेलं. ते व्याह्यांसाठी थांबत नसे, सरपंचांसाठीही नाही.

मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. पत्रिकेत नऊ छापलेत ना, मग नऊला सुरू करा. नारळ शाळेच्या शिपायाच्या हातून फोडा. तो सातलाच आलेला असतो.