वकीलसाहेबांचं महाद्वार

तुळजापुरात आमच्या वकीलसाहेबांकडे दावा घेऊन गेलेला पक्षकार पुष्कळदा घराचा नकाशा घेऊनच बाहेर पडतो. बिचारा बांधाच्या भांडणाची हकीकत सांगत असतो आणि साहेब मध्येच विचारतात, "ते राहू द्या हो, तुमचा जिना कुठल्या तोंडाचा?" मग वकीलपत्राच्याच मागच्या बाजूला जिना चढू लागतो.

या नादाला त्यांनी मोठा आधार शोधून ठेवला आहे. सतराव्या शतकातला रॉजर नॉर्थ हा लंडनचा वकील. १६७९ साली त्याच्या 'मिडल टेम्पल' या वकिलांच्या वसाहतीत आग लागली. पुढं १६८४ मध्ये वसाहतीचं फ्लीट स्ट्रीटवरचं महाद्वार उभं राहिलं, ते या वकिलाच्या आराखड्यावर. ते आजही उभं आहे. १६८८ साली राज्य पालटलं तेव्हा नव्या राजाची शपथ घ्यायला त्यानं नकार दिला, वकिली सोडून नॉरफकमधल्या गावी गेला आणि तिथलं जुनं घर नव्यानं बांधत बसला.

साहेब त्याला घरातलाच मानतात. रॉजरचा एक थोरला भाऊ राज्याचा सर्वोच्च न्यायाधिकारी, दुसरा तुर्कस्तानात गब्बर झालेला व्यापारी, तिसरा केंब्रिजच्या कॉलेजचा प्रमुख. धाकट्या रॉजरनं तिघांची चरित्रं लिहिली. आमचे साहेबही चौघांत धाकटे. थोरला न्यायाधीश, मधला सोलापुरात कापडाचा व्यापारी, तिसरा प्राध्यापक. साहेबांनीही चरित्रं लिहायला घेतली आहेत. पहिल्या प्रकरणात न्यायाधीश कमी, त्यांच्या बंगल्याचा चुकलेला जिनाच जास्त.

स्वतःचं घर बांधताना साहेबांनी आधी दरवाजा बांधला. देवीच्या देवळाचं राजे शहाजी महाद्वार नजरेसमोर ठेवलं होतं. कमान झाली, वर नगारखान्यासारखी गच्ची झाली आणि पैसे संपले. मागं दोन खोल्या. जत्रेला आलेले लोक कमानीपाशी चपला काढतात. एका म्हातारीनं तर उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. साहेबांनी हरकत घेतली नाही; पुरावा म्हणून फोटो काढून ठेवला.

गवंड्याशी त्यांचं बोलणं कोर्टातल्यासारखंच चालायचं. भिंत तिरकी आली तर आधी पंचनामा, मग उलटतपासणी. शेवटी गवंडी म्हणाला, "सायेब, वळंबा काय खोटी साक्ष देतंय का?" त्या दिवशी काम तहकूब झालं.

पहिल्याच पावसात स्लॅब गळला. साहेब खचले नाहीत. म्हणाले, "आपल्याच तालुक्यात नळदुर्गाला इब्राहिम आदिलशहानं बोरी नदीच्या बंधाऱ्यात पाणीमहाल बांधला. लोक तो मुद्दाम बघायला जातात!"

वहिनी पातेली मांडत होत्या. म्हणाल्या, "तिथं पाणी महालावरून पडतंय. आत बसलेला माणूस कोरडा राहतो."

साहेबांनी आयुष्यात प्रथमच म्हणणं मांडायला मुदत मागितली. ती अजून चालू आहे.

गावात आता सगळ्यांना अनुभव आहे. जमिनीचा दावा असेल तर खुशाल साहेबांकडे जा. त्यांच्यासारखा वकील तालुक्यात नाही. फक्त घर बांधायचा विचार असेल, तर तो त्यांच्यासमोर काढू नका.